एक, तीन, चार, दोन

फुईच्या फियाटमध्ये एक पंचा कायम असायचा. अंग पुसायला नाही, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला गुंडाळायला. ड्रायव्हरच्या सीटखाली नीट घडी करून ठेवलेला, शेजारी पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि एक लांब पेचकस. एप्रिल लागला की या तीन वस्तू जागेवर आहेत का ते बघितल्याशिवाय ती किल्लीला हात लावत नसे.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. माझी फुई जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात बाळंतपणाची डॉक्टर होती. दवाखाना गावात, पण अडलेल्या बायका बहुतेक सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या. वैजापूर, सत्रासेन, उनपदेवच्या पलीकडची वस्ती. निरोप यायचा तो रात्री दोनला नाहीतर भर दुपारी, आणि त्या वेळी तिकडे जाणारी एसटी नसायची. म्हणून १९८९ साली तिने जळगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी घेतली, ४२,००० रुपयांना. फिकट बदामी रंग, पुढे एकसंध लांब सीट, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. आजोबा म्हणाले होते, एवढ्या पैशांत चार बिघे बागायत होईल. फुईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गाडी घेऊन आली.

ती गाडी आजही आमच्या वाड्याच्या ओसरीपुढे उभी असते आणि चालते. गाडी जपणारे लोक बहुतेक फोटोतल्या गाडीबद्दल लिहितात. मला तिच्या दुखण्यांबद्दल लिहायचं आहे. तिची दुखणी मी लहानपणापासून बघतोय आणि गेली चौदा वर्षं त्यांचा खर्च मी करतोय.

पंच्याचं आधी सांगतो. १९९१ चा मे. मी दहा वर्षांचा, सुटीला चोपड्याला आलेलो. दुपारी बारा-साडेबाराला वैजापूरकडून एक माणूस सायकलवर आला. बायको सकाळपासून कळा देतेय, मूल आडवं आहे असं सुईण म्हणते. फुई निघाली, मीही मागच्या सीटवर. गाव सोडून आठ-दहा किलोमीटर गेलो असू, गाडीने दोन-तीन गचके खाल्ले आणि शांत झाली. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण लागत नाही. तो माणूस घाबरून गाडीला धक्का द्यायला लागला. फुईने त्याला थांबवलं. बॉनेट उघडलं, पंचा कॅनमधल्या पाण्यात पिळून काढला, पंपाभोवती गुंडाळला, वरून आणखी पाणी शिंपडलं आणि घड्याळ बघत लिंबाच्या सावलीत उभी राहिली. बारा मिनिटांनी म्हणाली, "बसा." पहिल्या सेल्फला गाडी लागली. त्या दिवशीचं ते मूल आज शिरपूरला सूतगिरणीत कामाला आहे.

पेट्रोलमधला हलका भाग चाळीस अंशांच्या आतच वाफ व्हायला लागतो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला. त्यात एक रबरी पडदा असतो, तो वर-खाली होऊन टाकीतलं पेट्रोल ओढतो. बाहेर पंचेचाळीस अंश, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त, अशा वेळी पंपात आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. पडदा हलत राहतो, पण वाफ नुसती दबते आणि फुलते, पुढे सरकत नाही. गार कपडा लावला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. इतकंच. पुण्या-नाशिकच्या माणसाला हा आजार क्वचित माहीत असतो. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तो रोजचा. आमचे मिस्त्री त्याला "वाफ धरली" म्हणतात, आणि मला तो शब्द कुठल्याही पुस्तकातल्या शब्दापेक्षा बरोबर वाटतो.

गाडीचं नाव चितोडच्या राणीवरून पद्मिनी ठेवलेलं, पण खानदेशात तिला पद्मिनी म्हणणारं कोणी नव्हतं. ती फियाट. ते चूकही नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि तिथे इटलीच्या फियाट ११०० चं रूप घडू लागलं. १९६४ मध्ये डिलाइट, १९७२ मध्ये प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, आतलं इंजिन तेच राहिलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. या शेवटच्या गोष्टीने आम्हाला किती रडवलं ते पुढे येईलच.

फुई गाडीचा हिशेब केसपेपरवर ठेवायची. दवाखान्याच्या छापील केसपेपरवर रुग्णाच्या नावाच्या जागी "फियाट", वयाच्या जागी वर्ष आणि खाली तारीख, तक्रार, तपासणी, उपचार, खर्च. ही फाइल माझ्याकडे आहे. त्यातला १४ मे १९९७ चा कागद असा: "तक्रार: विदगावच्या पुलाअलीकडे गाडी बंद, रेडिएटरमधून वाफ. तपासणी: खालचा होज पाइप फुगलेला, कोअर क्षाराने तुंबलेला, हेड वाकलं. उपचार: हेड फेसिंग, नवं गॅस्केट, रेडिएटर खोलून साफ. खर्च: १,३८०." आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत, "पाणी बदलणे."

ते "पाणी बदलणे" म्हणजे रेडिएटरमध्ये नवं पाणी भरणे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. ते तसं नव्हतं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ज्या घरात तांब्याचा बंब आहे त्यांना सांगायला नको, दोन वर्षांत बंबाच्या आत पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला दुप्पट लाकूड लागतं. रेडिएटरच्या नळ्या बोरूच्या काडीइतक्या बारीक. त्यात तोच थर बसला की पाणी फिरत नाही. फिरलं तरी थरामुळे उष्णता बाहेर जात नाही. गाडी तापते, पाणी उडतं, तुम्ही पुन्हा बोअरचंच पाणी ओतता आणि थर आणखी वाढतो. हा फेरा फुईने १९९७ च्या पावसाळ्यात तोडला. दवाखान्याच्या पत्र्याच्या पागोळ्यांखाली तिने स्टीलची टिपं लावली. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, तिसऱ्यापासून धरायचं, फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरायचं. ते वर्षभर फक्त गाडीला. त्यानंतर रेडिएटर खोलायची वेळ थेट २००८ साली आली. मी आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घालतो. इंजिनासाठी ते जास्त चांगलं, कारण गंजही रोखला जातो. पण पागोळ्यांखालची टिपं मी अजून काढलेली नाहीत.

हेडचं दुखणं खर्चिक असतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. खाली बीड, वर ॲल्युमिनियम. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुलतं. गाडी नेहमीच्या गरमीत चालते तोवर हा फरक दोघांमधलं गॅस्केट सांभाळून घेतं. पण पाणी संपलेल्या गाडीला "एवढं गाव गाठू" म्हणून पाच किलोमीटर रेटलं की हेड पोळीसारखं कडेने उचलतं. मग पाणी तेलात जातं, तेल चहासारखं होतं, मागून पांढरा धूर येतो. हेड उतरवून लेथवाल्याकडे फेसिंग करायचं, म्हणजे खालून अगदी पातळ थर घासून सपाट करायचं. हे दोन-तीनदा चालतं, नंतर घासायला धातू उरत नाही. तेव्हा या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च टाळायचा उपाय एकच, काटा चढला की बाजूला घ्या आणि बंद करा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. विदगावच्या पुलापाशी त्या दिवशी एका केळीच्या ट्रकवाल्याने भल्या मनाने बादली पुढे केली होती. मिस्त्री नंतर फुईला म्हणाले, "बरं व्हयनं तुम्ही ती बादली घेतली नाही. हेडले तडा गया असता."

या मिस्त्रींशी माझा एका बाबतीत वाद आहे. जुन्या मिस्त्रींनी खानदेशातल्या जवळजवळ प्रत्येक फियाटचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता. इथल्या उन्हाळ्यात पाणी अडवणारी झडप हवीच कशाला, हा त्यांचा विचार. मे महिन्यापुरता तो पटतो. पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली येतो. तेव्हा थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन अडावद गाव येईपर्यंत गरमच होत नाही. चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, प्लग काळे पडतात, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि रिंगा झिजतात. उन्हाळ्यात वाचवलेलं हिवाळ्यात गेलं. मी २०१५ साली थर्मोस्टॅट परत बसवला आणि प्रत्येक उन्हाळ्यात गाडी नीट चालली आहे. मिस्त्री अजूनही मान हलवतात.

त्यांचं गॅरेज म्हणजे एका वडाखाली पत्र्याची शेड. मी तिथे सुटीत दिवसच्या दिवस बसायचो. पाढ्यांच्या आधी मला फायरिंग ऑर्डर पाठ झाली, एक, तीन, चार, दोन. चार सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटतात त्याचा तो आकडा. मिस्त्री प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून चार वायरी सोडायचे आणि मला लावायला सांगायचे. मी म्हणत लावायचो, एक, तीन, चार, दोन. चुकलं तर पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरमधून फट्ट असा आवाज यायचा आणि मी दचकायचो.

त्या झाकणाखालचे पॉइंट म्हणजे या गाडीचं हृदय, असं मला वाटतं. दोन लहानशा धातूच्या टिकल्या, मिटतात आणि उघडतात. मिटलेल्या असताना कॉईलमध्ये वीज साठते. उघडल्या की ती एका झटक्यात हजारो व्होल्ट होऊन प्लगपर्यंत धावते. टिकल्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या जराशी आत हवी. जास्त झाली की जोरात पळताना गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही, कमी झाली की टिकल्या जळतात. प्रत्येक ठिणगीबरोबर एका टिकलीवर खड्डा पडतो आणि दुसरीवर उंचवटा येतो, म्हणून दोन-तीन हजार किलोमीटरला पॉलिश पेपरने घासून फट पुन्हा बसवावी लागते. मिस्त्रींकडे फिलर गेज होता, पण ते तो फारसा काढत नसत. टिकल्यांमध्ये बोटाचं नख धरून प्रकाशाकडे बघायचे आणि स्क्रू आवळायचे. मी नंतर गेजने मोजून बघायचो. दर वेळी बरोबर यायची.

पॉइंटचा जोडीदार कंडेन्सर, टिकल्यांना जळण्यापासून वाचवणारी छोटी डबी. तो उन्हाने मरतो आणि मरताना काही कळवत नाही. गाडी धावता धावता बंद पडते, गार झाली की लागते, पुन्हा बंद पडते, आणि माणूस समजतो की वाफ धरली. दोन्ही आजारांची लक्षणं इतकी सारखी की फुईने फाइलमध्ये एक टीप लिहून ठेवली आहे: "पंचा लावून पंधरा मिनिटांत लागली नाही तर कंडेन्सर." ही एक ओळ माझ्या किती उपयोगाला आली आहे. तिच्यामुळेच मी गाडीत एक जादा कंडेन्सर ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून.

किंगपिनबद्दल फार कमी लोक बोलतात आणि पैसा तिथेच झिरपतो. पुढची चाकं ज्या उभ्या पिनांवर वळतात त्या पिना आणि त्यांचे बुश. त्यांना ग्रीस लागतं, हजार-दीड हजार किलोमीटरला, ग्रीस भरायच्या प्रत्येक निपलमध्ये जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आमची काळी माती पावसात चाकाला लगद्यासारखी चिकटते, वाळली की दगडासारखी होते आणि निपलचं तोंड बंद करते. मग ग्रीस गन कितीही दाबा, ग्रीस बाहेरून ओघळतं आणि पिन आतून कोरडी राहते. काही महिन्यांनी स्टिअरिंगला खेळ येतो, पन्नासच्या पुढे पुढचं चाक थरथरतं. किंगपिनचं किट तसं महाग नसतं. पण जुनी पिन ठोकून काढणं, नवे बुश बसवून रीमर मारणं, म्हणजे त्यांचं भोक मापात घासणं, हे दिवसभराचं काम, आणि रीमर मारता येणारा माणूस आज चोपडा तालुक्यात एकच उरला आहे. तेव्हा धुण्याच्या दिवशी आधी पाण्याची धार निपलवर मारायची, मग बाकी गाडीवर.

ब्रेकचं थोडक्यात. चारही चाकांना ड्रम, आत व्हील सिलिंडर, त्यात रबरी वॉशर. गाडी महिनाभर उभी राहिली की वॉशर कडक होतात, ऑइल झिरपतं आणि पेडल खाली जातं. एका चाकाचं गळालं तर चारही चाकांची किटं एकदम बदला. यात काटकसर करू नये.

पत्र्याच्या बाबतीत मात्र खानदेशाने या गाडीवर उपकार केले आहेत. कोकणात, मुंबईत या गाड्यांच्या दारांखालचा पट्टा आणि फरशी आधी सडते. आमच्या कोरड्या हवेत १९८२ चा पत्रा अजून शाबूत आहे. फक्त ड्रायव्हरच्या पायाखालचा तुकडा एकदा बदलावा लागला. धुऊन झाल्यावर रबरी चटई ओलीच परत टाकायची सवय होती, त्याचा तो परिणाम. डेंटरने जुना सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला, लांबी (पुट्टी) भरून झाकला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. लांबीखाली गंज सुखाने वाढतो.

सुटे भाग मुंबईहून यायचे. फुई यादी लिहून द्यायची आणि आमचे वडील भुसावळ-मुंबई पॅसेंजरने जायचे, ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत, नाहीतर कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात. परत येताना धोतराच्या पिशवीत क्लच प्लेट, वॉटर पंप आणि फुईसाठी मुंबईचा हलवा. कारखाना २००० च्या सुमारास थांबला, पण सामान मिळत राहिलं, पुष्कळ आणि स्वस्त. मला ते कोडं वाटायचं. उत्तर सोपं होतं. मुंबईच्या रस्त्यावर हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या. त्यांना रोज पॉइंट लागायचे, रोज ब्रेक किट लागायची. त्यांच्यासाठी लहान कारखान्यांत माल बनत होता, आणि चोपड्याच्या एका गाडीला तो आपोआप मिळत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर राहिली नाही. वर्तमानपत्रांत निरोपाचे लेख आले, लोकांनी हार घातले. मी त्या दिवशी गाडीच्या डिकीतलं सामान मोजत बसलो होतो. तीन पॉइंट सेट, दोन कंडेन्सर, एक वॉटर पंप, पाच फॅनबेल्ट, एक हेड गॅस्केट.

त्यानंतर किमती वाढल्या, पण माझी तक्रार किमतीबद्दल नाही. वाईट मालाबद्दल आहे. गेल्या वर्षी मागवलेल्या पॉइंटच्या टिकल्या चारशे किलोमीटरमध्ये गेल्या. फायबरचा ठोकळा इतका मऊ की झिजून फट आपोआप मिटली. जुना माल मिळाला तर दुप्पट पैसे द्यावेत. डब्यावर गंज असला तरी चालेल, आतली वस्तू तेलकट कागदात असली म्हणजे झालं.

पेट्रोलही बदललं. शिशाचं पेट्रोल देशभर २००० साली बंद झालं. ते व्हायलाच हवं होतं, मुलांच्या रक्तात शिसं जात होतं. पण शिसं जुन्या व्हॉल्व्हच्या बैठकींना मऊ थर द्यायचं. तो गेल्यावर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची, फट जास्त वेळा तपासावी लागते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. इथेनॉल रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. ज्या पडद्यावर पंप चालतो तो पडदा रबरी, कार्बुरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा पडदाही तसाच. दोन वर्षांत मी दोन्ही बदलले, पेट्रोलची सगळी नळी नव्या प्रतीची टाकली, आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बुरेटरची फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवतो. टाकीत पेट्रोल कमी ठेवलं की रिकाम्या जागेत ओल धरते आणि टाकी आतून गंजते. म्हणून उभी करायची तर टाकी भरून.

कागदांचा खर्च वेगळा. १०८९ सीसी म्हणजे हजाराच्या वर ८९ सीसी, आणि तेवढ्यामुळे ती विम्याच्या पुढच्या गटात जाते. नुसता थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. पूर्वी त्याची फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० करण्यात आली. आमची पुढची पाळी २०२७ मध्ये आहे. शिवाय हरित कर. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना विंटेजची वेगळी नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही, आणि तसंही आमच्या गाडीला त्यासाठी २०३२ उजाडावं लागेल.

गेल्या वर्षीचा केसपेपर मी फुईच्या पद्धतीनेच लिहिला. विमा ४,०३१. ऑइल, फिल्टर, ग्रीस ३,२००. रेडिएटर सफाई आणि दोन होज पाइप २,८००. ब्रेकची किटं मजुरीसह ४,५००. पुढचे दोन टायर ९,०००. एकूण २३,५३१, पेट्रोल सोडून. पेट्रोल लिटरला दहा-साडेदहा किलोमीटर. या पैशांत एखादी नवी लहान गाडी वर्षभर जास्त सुखात चालेल, एसीसकट. मी ते नाकारत नाही. पण हा सगळा आकडा मी डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंचा आहे. काय झिजलं, का झिजलं, कोणी बसवलं हे मला माहीत आहे. फाइलमधल्या छत्तीस वर्षांच्या कागदांत, कंडेन्सर सोडला तर, मला एकही खर्च असा सापडला नाही की ज्याचं कारण आधी आवाजाने, वासाने किंवा थेंबाने कळलं नव्हतं. ज्या वर्षी कोणी लक्ष दिलं नाही त्या वर्षी रक्कम मोठी आहे. २००९ साली फुईला न्यूमोनिया झाला होता, गाडी सात महिने झाकून होती, आणि त्या वर्षीचा आकडा आधीच्या चार वर्षांच्या बेरजेएवढा आहे.

म्हणून मला खरी काळजी सामानाची नाही, मिस्त्रींची वाटते. त्यांचं वय आता पंच्याहत्तरच्या पुढे. मोतीबिंदू निघाला, पण उजव्या हाताला कंप आला आहे. मुलगा त्याच वडाखाली ई-स्कूटर दुरुस्त करतो, हुशार आहे, पण त्याने आयुष्यात पॉइंट लावलेले नाहीत आणि त्याने ते का शिकावेत हे मी त्याला सांगू शकत नाही. गेल्या मार्चमध्ये गाडी मिसिंग मारायला लागली तेव्हा मी मिस्त्रींना घरी घेऊन आलो. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, नख टिकल्यांमध्ये धरलं, आणि स्क्रू काही आवळेना. पेचकसाचं टोक खाचेतून सटकायचं. तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तू लाव भाऊ. मी देखस."

मी पॉलिश पेपर मारला, गेजने फट बसवली, वायरी लावल्या. लावताना तोंडाने तेच म्हणत होतो. सेल्फ मारला, गाडी लागली. मिसिंग गेलं होतं, पण एक टिकटिक राहिली होती, हलकी, एका लयीत. मिस्त्रींनी मान वाकडी करून ऐकलं आणि काही बोलले नाहीत.

फुई ओट्यावर बसली होती. ती आता ब्याऐंशीची. ऐकायला कमी येतं, मशीन लावते. ती उठली, भिंतीला धरत खाली आली आणि मशीन काढून तिने पदरात बांधलं. लहानपणी मी तिला पाड्यावरच्या खाटेशी वाकून लाकडी नळीने पोटातल्या बाळाचे ठोके ऐकताना पाहिलं आहे. नळीचं एक टोक पोटाला, दुसरं कानाला. मिस्त्री पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून टॅपेट ऐकायचे, तेव्हा ती त्यांना म्हणायची की आपलं दोघांचं शिक्षण एकच.

तिने हात पुढे केला. मी लांब पेचकस दिला, पंख्यापासून तिचा पदर दूर धरला. तिने टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. एक, दोन जागा सोडल्या. तिसऱ्या जागी थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा तिथेच थांबली.

"तीन नंबर," ती म्हणाली. "सैल आहे."

मिस्त्रींनी खुर्चीतूनच होकार दिला. मी इंजिन बंद केलं, ते गार व्हायला ठेवलं आणि टॅपेटच्या झाकणाच्या नटांना लागणारा पाना शोधायला डिकी उघडली.